बिनवासाची वडी

४ मार्च, दुपार

वहिनी,

तुझ्याशी या जन्मात बोलणार नाही असं मी म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. तेव्हा पाकिटावर माझं अक्षर बघून गालातल्या गालात हसली असशील तर आधी ते हसू आवर आणि मग पुढे वाच.

मी वाळवणीच्या खोलीत बसलेय. तू गेलीस तेव्हा होती तशीच आहे. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर साबणाच्या वड्यांच्या रांगा आणि वरच्या झरोक्यातून येणारं ऊन. दुपारी ते असं काही पडतं की वड्या आतून उजळल्यासारख्या दिसतात आणि मी हातातली वडी उलटायची विसरून बघतच राहते. दादा म्हणतो, "तुला वड्या उलटायला ठेवलंय की त्यांच्याकडे टक लावायला?" मी म्हणते, दोन्हीला. तुझ्या नवऱ्याला एरवी तोंड उघडायचं जिवावर येतं, पण बहिणीला टोमणा मारायचा म्हटला की बरोबर जीभ सुटते.

जाताना तू म्हणाली होतीस, "या घरात माणसाचा वास येत नाही." दारात उभी राहून, हातात बॅग घेऊन, आमच्या तीन पिढ्यांच्या धंद्यावर तू हे बोललीस. मला ते अजून झोंबतं. त्याच क्षणी मी ठरवलं की आता हिच्याशी अबोला. पण मुद्दा तो नाही. मुद्दा तुझ्या लेकीचा आहे. घाबरू नकोस, धडधाकट आहे.

गेले काही दिवस बुडबुडी न्हाणीघरात शिरली की बाहेर यायचं नाव घेत नाही. आधी वाटलं, आरशासमोर नखरे चालले असतील, बारा वर्षांची घोडी झालीय. मग एकदा तिच्या निकर मला फळ्यांच्या मागे वाळत घातलेल्या सापडल्या, लिंबाच्या वड्यांच्या आड, चोरीचा माल लपवावा तशा. विचारलं तर रडायलाच लागली. म्हणाली, "आत्या, मी आतून सडतेय."

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. अंगावरून पांढरं जातं. कधी दुधासारखं, कधी नुसतंच बुळबुळीत पाणी. पाळी अजून आलेली नाही आणि हे मात्र आलंय. वर मला शपथ घातली, आईला सांगायचं नाही. ती म्हणेल, बघा, मी तिथे नाही तर काय करून घेतलं हिनं. मी म्हटलं, नाही सांगत. पत्र लिहिण्याबद्दल तीही काही बोलली नव्हती.

आता साबण करणाऱ्यांच्या घरात अशा वेळी काय करतात? आमच्या आईनं मला त्या वयात एवढंच सांगितलं होतं, पांढरं गेलं की धुवायचं. का जातं ते तिलाही कुणी सांगितलं नसावं. मी जन्मभर धूत आले. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. म्हणून मी कुणाच्या फार जवळ बसले नाही, वहिनी. बसमध्येसुद्धा नाही. लग्नाचं विचारायला आलेल्यांशी तर लांबूनच बोलले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तुला आत्ता का सांगितलं कोण जाणे. उन्हाचा दोष.

तर मी बुडबुडीसाठी खास वडी केली. आपल्या नेहमीच्या वड्या किसल्या, वितळवल्या, गुलाबाचं तेल जरा सढळ हातानं घातलं, वर लिंबाचं. साच्यातून काढली तेव्हा माझं मलाच कौतुक वाटलं. तिला म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ लाव, आतूनही नीट धू, बघ कशी फुलासारखी होतेस." पोर इमानेइतबारे धुतेय. आणि आता तिला खाज सुटलीय, शू करताना आग होते, वर्गात धड बसवत नाही.

तू रंगातली बाई. त्या रंगाच्या कारखान्यात बसून दिवसभर छटा तपासतेस, पांढऱ्यातून पांढरं वेगळं काढतेस, त्याचा पगार घेतेस. मी वासातली, मला रंगाचं कळत नाही. एवढंच सांग, हे पांढरं चांगलं की वाईट? फोन करू नकोस. मी घेणार नाही.

तुझी (अजून तरी) नणंद

ता. क. माझं बरं आहे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली, तरी मधूनच कपड्याला गुलाबीसर डाग दिसतो. जड फळ्या उचलल्या की होत असावं. हे लिहायला नको होतं. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून राहू देते.


१३ मार्च

वहिनी,

चार ओळी! मी पानं भरून लिहायचं आणि बाईसाहेबांनी चार ओळी खरडायच्या. "साबण आजच्या आज बंद. डॉक्टरीणबाईंकडे ने. पोरीला रागावू नकोस. पांढरं बहुतेक चांगलंच असेल, खालचं गुलाबी मात्र मला आवडलेलं नाही." शेवटचं वाक्य मी वाचलं नाही असं समज.

नेलं तिला. बस डेपोच्या समोर, वरच्या मजल्यावर दवाखाना आहे. बाहेरच्या खोलीत काचेची मोठी पेटी आहे माशांची. त्यातला एक मासा नुसता जागच्या जागी तरंगत होता, तोंड उघडत होता, मिटत होता, आणि त्याच्याकडे बघता बघता मी अशी हरवले की आमचं नाव दोनदा पुकारलं तरी मला पत्ता नाही. बुडबुडीनं ओढत आत नेलं.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, मोठ्या चष्म्याच्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सगळं पोरीशीच बोलल्या. म्हणाल्या, "मी फक्त बाहेरून बघणार. तू नको म्हणालीस तर हात काढून घेईन." बुडबुडीनं माझं बोट घट्ट धरलं होतं, पण हो म्हणाली. बघून झालं, हात धुतले आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"डोळ्यांत पाणी असतं की नाही?"

"असतं."

"तोंडात लाळ? त्याला कुणी रोग म्हणतं का? तसंच हे. आतली जागा स्वतःला स्वतःच साफ ठेवते, त्याचंच हे पाणी. पाळी यायच्या आधी काही महिने, कधी तर वर्षभर आधीपासून येतं. शरीर तयारीला लागलंय तुझं."

बुडबुडी म्हणाली, "मग मी सडत नाहीये?"

"छे गं! तू वाढतेयस." आणि मग सांगत बसल्या, कुठे जायची घाई नसल्यासारख्या. पाळी सुरू झाली की महिनाभर ह्याचं रूप बदलत राहील. मध्यावर अंड्यातल्या पांढऱ्यासारखं ताणलं जाईल, एरवी दाट, दुधाळ. कधी जास्त, कधी कमी. निकरवर वाळलं की पिवळट दिसतं, तेही ठीकच.

"पण वास येतो ना," पोर हळूच म्हणाली.

"किंचित येणारच. माणूस आहेस, साबणाची वडी नाहीस."

वहिनी, मी बसल्या जागी थिजले. क्षणभर वाटलं तूच चष्मा लावून बसलीयस की काय. त्यांना काय माहीत आम्ही कोण ते!

मग विचारलं, खाज कशानं, काय लावता? मला सांगावंच लागलं. त्यांनी चष्मा काढला. "आतून?"

"आतून."

"का पण?"

"आमचा साबणाचा धंदा आहे," मी म्हटलं.

"म्हणून जेवायलाही साबणच घेता का?"

बुडबुडी खो खो हसली. किती दिवसांनी हसली गं! मलाही राग यायचा तो आलाच नाही. आत चांगले जंतू असतात म्हणे, आपले राखणदार. साबण, सुवास, अत्तर, काही आत गेलं की ते मरतात आणि मग नको त्या जंतूंना फावतं. बाहेरून साधं पाणी, पुसायचं ते पुढून मागे, सुती निकर. बस्स. आगही त्या साबणाचीच. थांबायला हवी, नाही थांबली तर परत या.

पोरीचं तेवढ्यावर भागेना. "मग घाबरायचं कधी?"

"घाबरायचं कधीच नाही. यायचं कधी ते सांगते." दह्यासारखं गुठळ्यांचं झालं आणि खाज असली, तर यायचं. हिरवं, राखाडी, फेसाळ दिसलं किंवा मासळीसारखा वास सुटला, तर यायचं. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, शूला आग होतेय, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसतंय, तरी यायचं. लाजायचं नाही आणि स्वतःच्या मनानं मलम आणून लावायचं नाही. हे सगळं सांगून झालं आणि मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आणि आत्यांच्या वयाच्या बाईला, पाळी गेल्यावर, थेंबभर जरी लाल, गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर लगेच यायचं. दुखत नसलं तरी. बहुतेकदा साधंच काहीतरी निघतं, पण बघितल्याशिवाय ते कळत नाही."

बाहेर आल्यावर बुडबुडीनं विचारलं, "आत्या, शेवटचं ऐकलंस का?" मी म्हटलं, माझं लक्ष माशांकडे होतं. तुला म्हणून सांगते. आतून मासे दिसतच नव्हते.

नणंद


मार्च संपत आलाय, बुधवार

वहिनी,

तारीख बघायला उठत नाही. उठलं की हे सगळं मोडेल.

सकाळी कढईतून वाफ निघतेय, खिडकीच्या काचा पांढऱ्या झाल्यात आणि बाहेरचा रस्ता नुसता पुसल्यासारखा दिसतोय. एक सायकल येते, विरघळते. कुणीतरी छत्री मिटतं, विरघळतं. मी बोटानं काचेवर रेघ ओढते आणि त्या रेघेतून तेवढंच जग दिसतं. मला अशा सकाळी फार बरं वाटतं. काही ठरवावं लागत नाही.

बुडबुडीची आग थांबली. आता तिला धरवत नाही. शाळेत मैत्रिणींना कपडे बदलायच्या खोलीत व्याख्यान देऊन आली, डोळ्यांत पाणी असतं की नाही, तोंडात लाळ असते की नाही. एका मुलीची आई दादाकडे तक्रार घेऊन आली. दादा म्हणाला, "तिला जे माहीत आहे ते ती सांगतेय, मी काय करू?" आणि पुन्हा तारेनं वड्या कापत बसला. मी दारामागून ऐकत होते. मला तो त्या दिवशी आवडला. तुला कळवावंसं वाटलं म्हणून कळवलं, त्यात काही वाचू नकोस.

मी बिनवासाची वडी केली, तिच्या अंघोळीसाठी. बाहेरच्यासाठीच हं, अंगाला, हातापायांना. या घरात अशी वडी पहिल्यांदाच झाली असेल. तेल, क्षार, पाणी आणि वर काही नाही. हात सारखा गुलाबाच्या बाटलीकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायची. साच्यातून काढली तेव्हा नाकाशी धरली आणि काहीच नाही. मग लक्षात आलं की गुलाबाच्या वडीचाही मला आता वास येत नाही. वर्षानुवर्षं त्याच घमघमाटात बसून माझं नाक केव्हाच मेलंय. मी स्वतःला वासातली बाई म्हणवते! माझ्या अंगाला कसला वास सुटला असेल-नसेल, मला कळायचं कसं?

तू दर पत्रात तेच विचारतेस. किती दिवसांपासून? रंग कसा? गेलीस का? रंगाच्या खोलीत बसून माझी उलटतपासणी घेऊ नकोस. तुला कुणी विचारलं होतं?

काल स्वप्न पडलं. वाळवणीच्या खोलीत पांढरं पाणी भरत होतं, कोमट, दुधाळ. वड्या फळ्यांवरून सुटून तरंगत होत्या. मी कमरेपर्यंत त्यात उभी, आणि मला अजिबात घाण वाटत नव्हती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. आई पलीकडे उभी होती, तीही हसत होती. म्हटलं, अगं आई, हे आपलंच आहे, धुवायचं नाही. ती म्हणाली, असं का, आधी नाही सांगायचं? आणि मग त्या पांढऱ्यात माझ्या पायाजवळून गुलाबी धागा निघाला. एकच. तो लांबत लांबत आईकडे जायला लागला आणि मी तो हातांनी गोळा करत होते, तिला दिसू नये म्हणून.

कपड्यावरचा तो डाग नेहमी गुलाबीच असतो असं नाही. विटेवर पाणी ओतलं की जसं वाहतं तसाही असतो. थंडी सुरू व्हायच्या आधीपासून. आणि फळ्या उचललेल्या नसल्या तरी.

मला भीती वाटते. झालं, लिहिलं. आता पुन्हा विचारू नकोस.

नणंद


७ एप्रिल

वहिनी,

तुझी पोरगी तुझ्यावर गेलीय. चिवट!

काल मी मागच्या मोरीत गार पाण्यात परकर भिजत घातला होता. गार पाण्यात का, ते कुठल्याही बाईला कळतं. या बयेलाही कळलं. दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, हे कुणाचं?"

"माझं. लाल साबणाचा रंग लागलाय."

"आपण लाल साबण करत नाही."

बघ म्हणजे! मी म्हटलं, जा, अभ्यास कर. ती गेली नाही. खाली बसली माझ्या शेजारी, ओल्या फरशीवर, शाळेच्या कपड्यांत. म्हणाली, "पाळी नाही तरी पांढरं जातं म्हणून मी घाबरले होते, तर तू मला उचलून घेऊन गेलीस. आता तुझी पाळी गेली तरी लाल जातंय, तर तू मला अभ्यास कर म्हणतेस." आणि पुढे अगदी त्या बाईंच्या आवाजात, "घाबरायचं कधीच नाही. यायचं."

मी रडले, वहिनी. दादाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ चालू ठेवून रडले. पण हा तुझा माणूस ऐकायला नको ते बरोबर ऐकतो. तो आला, दोघींना फरशीवर बघितलं, परकर बघितला. नळ बंद केला. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

तो आमच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "मी कुणालाच काही विचारत नाही, नाही का?"

"नाही," मी म्हटलं. बुडबुडीही म्हणाली, नाही. मग तो चपला घालून रिक्षा आणायला गेला.

दवाखान्यात मासा तसाच तरंगत होता. या वेळी आम्ही तिघं त्याच्यासमोर एका बाकावर बसलो होतो, अगदी खेटून. बाकच लहान, काय करणार? माझ्या एका खांद्याला दादा, दुसऱ्याला पोर. मला उठून लांब जावंसं वाटलं, सवयीनं. पण दोघांपैकी कुणीच नाक मुरडलं नाही, म्हणून बसून राहिले.

डॉक्टरीणबाई रागावतील वाटलं होतं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आलात ना." आतून तपासलं, सोनोग्राफी केली. पिशवीचं अस्तर जाड दिसतंय म्हणाल्या, त्याचा कण काढून तपासायला पाठवला. थोडं दुखलं. खोटं कशाला सांगू, बरंच दुखलं.

उत्तर यायला वेळ आहे. तोवर दादानं मला वाळवणीच्या खोलीत जायला बंदी केलीय. वड्या स्वतः उलटतो. मी गॅलरीत बसून ढग बघते. ढग उलटावे लागत नाहीत.

नणंद


२२ एप्रिल

वहिनी,

उत्तर आलं. सरळच लिहिते. कॅन्सर आहे.

हा शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. बाहेर एक बाई गादी उन्हात टाकत होती, काठीनं बडवत होती, धूळ सोन्यासारखी उडत होती, आणि मला वाटलं, ही बाई उद्याही गादी टाकेल. राग आला तिचा. मग ती दमून गादीवरच बसली, तशी राग गेला.

आता चांगलं ते ऐक. सुरुवातीचाच दिसतोय. पिशवीतच आहे, बाहेर गेलेला दिसत नाही. पिशवी काढायची, बहुतेक तेवढ्यावर भागेल म्हणाल्या. पक्कं ऑपरेशननंतर कळेल. मी विचारलं, आणखी थांबले असते तर? त्या म्हणाल्या, "थांबला नाहीत, मग कशाला विचारता?" बुडबुडीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू शाळेत बक्षीस मिळालंय. नंतर जिन्यात मात्र माझ्या पोटाला मिठी मारून हुंदके देत उभी राहिली. लोक बाजूने चढत-उतरत होते. जिना सोडून हलेना.

आणि एक गंमत सांगते. इतके दिवस घमघमाटातून बाहेर आहे तर नाक परत यायला लागलंय. आधी ओल्या मातीचा आला, कुंडीतला. मग दादाच्या शर्टाचा. काल पोर शाळेतून धावत आली आणि माझ्या मांडीवर डोकं टाकलं. तिच्या केसांना घामाचा, धुळीचा, पेन्सिलच्या भुशाचा असा काहीतरी वास होता. बिनवासाच्या वडीनं न्हालेल्या पोरीचा. मी किती तरी वेळ तिच्या टाळूला नाक लावून बसले होते. ती म्हणाली, "घाण येतोय का?" मी म्हटलं, नाही गं. माणसाचा येतोय.

तेव्हा, वहिनी, त्या दारातल्या वाक्याचा राग मी आज सोडला. तू तेव्हा बरोबर होतीस. हे पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नकोस, एकदाच म्हणणार.

ऑपरेशन पहिल्या तारखेला आहे. आदल्या दिवशीच भरती व्हायचंय. मला तू हवी आहेस. दादासाठी ये असं म्हणत नाही, तुमचं तुम्ही बघा. पोरीसाठी ये असंही नाही, ती तुला फोनवर सगळं सांगते, मला माहीत आहे. माझ्यासाठी ये.

तुझी नणंद


३० एप्रिल, सकाळ, जेवणाच्या टेबलावरून

वहिनी,

तुझी गाडी संध्याकाळची, तोवर आम्ही गेलेलो असू, म्हणून ही चिठ्ठी मिठाच्या बरणीखाली ठेवून जातेय. दादा रिक्षा घेऊन खाली उभाय आणि भोंगा वाजवायला सांगतोय. वाजू दे.

किल्ली नेहमीच्या जागी नाही, शेजारणीकडे आहे. तुझी खोली बुडबुडीनं झाडलीय, तिनंच पडदे बदललेत, त्यातला एक उलटा लागलाय, तिला सांगू नकोस. तिला सोबत आणणं तुझ्याकडे. ती आज शाळेत गेलीय, मीच पाठवली. न्हाणीघरात बिनवासाची वडी ठेवलीय, प्रवासातून आल्यावर तीच घे. तिचा फेस कमी होतो म्हणून कुरकुर करशील, पण मी केलीय, गुमान वापर.

आज पहाटे वाळवणीच्या खोलीत चोरून गेले होते. झरोक्यातून अजून ऊन यायचं होतं. सगळ्या वड्या नुसत्या करड्या दिसत होत्या, झोपल्यासारख्या. दादानं त्या इतक्या वेड्यावाकड्या उलटून ठेवल्यात की माझा जीव खालीवर झाला, पण हात लावला नाही. थोडा वेळ उभी राहिले. इथे परत यायचंय मला, वहिनी. फार इच्छा आहे. ते पांढरं पाणी स्वप्नात आलं होतं ना, त्यात पुन्हा एकदा उभं राहायचंय, पायाशी काही न लपवता.

आणि एक. भूल उतरताना माणूस काय वाट्टेल ते बडबडतं म्हणे. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय आणि ते तुझ्याशीच बोलायचंय. या जन्मात बोलणार नाही म्हटलं होतं, ते मोडणार आहे. तेव्हा मी डोळे उघडीन तेव्हा पलंगाजवळ दुसरं कुणी नको, तू बस. उजव्या बाजूला बस. डाव्या कानानं मला हल्ली कमी ऐकू येतं, आणि तू काय उत्तर देतेस ते मला नीट ऐकायचंय.